तळघरातली झडप

१

गॅस बंद केला का, ही मृण्मयीची जुनी काळजी. कुलूप ओढून पाहिलं का, ही तिची धाकटी बहीण. मुलीच्या, निहूच्या, जन्मानंतर तर हे कुटुंब इतकं वाढलं की तिचा नवरा शैलेंद्र म्हणायचा, "आता तुझ्या काळज्यांचं रेशन कार्ड काढू या." ती हसायची, आणि हसता हसता उठून पुन्हा एकदा गॅस बघून यायची.

पण रविवारी रात्री जिनं तिला डोळा लागू दिला नाही, ती काळजी घरातली नव्हती. नोकरीतली होती, आणि याचंच तिला नवल वाटत होतं. घरी ती कितीही घाबरट असली तरी कामावर तिचा हात कापत नसे. इंदूरला फायर सेफ्टी शिकून आलेली. आग विझवण्याच्या यंत्रणांची देखभाल करणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांच्याशी तिचं माणसांपेक्षा बरं जमायचं. लोखंडाच्या मनात एक आणि तोंडात दुसरं असं नसतं, हे तिचं त्या बाबतीतलं मत.

घंटेची तोटी आपण उघडली का?

उज्जैनच्या टावर चौकापासून जवळच एक इमारत आहे. खाली साड्यांचं शोरूम, मधे कोचिंग क्लास, सगळ्यांत वर शर्वरीताईंचं पाळणाघर. निहू तिथेच जायची. शनिवारी दुपारी, नेमकी पोरं झोपायच्या वेळी, बाहेरच्या भिंतीवरची आगीची घंटा वाजायला लागली. आग नाही, धूर नाही, कुठे थेंबभर गळत नाही, आणि घंटा आपली मधूनच वाजायची, मधूनच गप्प बसायची. शर्वरीताईंचा फोन आला. "अगं बाई, बंद कर ना तिला! एकाला थोपटावं तर दुसरं दचकून उठतंय." मृण्मयी गेली, तळघरात उतरली आणि घंटेकडे जाणाऱ्या बारीक नळीची तोटी तिनं फिरवून बंद केली. पोरं उठेपर्यंतच, असं स्वतःला बजावून. मग वर जाऊन पाहते तो निहूचं अंग फणफणलेलं. तिला खांद्यावर टाकून ती तशीच घरी आली.

तशीच? की जाताना खाली डोकावून, तोटी उघडून?

आठवत नव्हतं. रविवार औषधात आणि कपाळावरच्या ओल्या घड्यांत गेला. रात्री ताप जरा उतरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत तोटी येऊन बसली. त्यातून श्रावण. आपल्या पंचांगाचा श्रावण लागायला अजून अवकाश होता, पण उज्जैनमध्ये सुट्ट्या इथल्या, पंधरा दिवस आधी लागणाऱ्या श्रावणाच्या. सोमवारी महाकालची सवारी निघते, रस्ते बंद होतात, म्हणून शाळा सोमवारी बंद आणि रविवारी चालू, पाळणाघराचंही तसंच. म्हणजे रविवारी दुपारी वर सगळी पोरं झोपली होती, आणि खाली घंटेचं तोंड कदाचित आपल्याच हातानं दाबलेलं होतं.

ती कूस बदलत राहिली. शेजारी निहू तिची तर्जनी धरून झोपली होती. हात धरायचाच नाही, फक्त तर्जनी, अशी तिची सवय. अंगठ्याचं वाढलेलं नख मृण्मयीला टोचत होतं. नखं शनिवारी कापायची राहिली, आणि शनिवारी कापूही नयेत म्हणे.

२

सोमवारी सकाळी तिनं कंपनीला कळवून टाकलं की इमारत रिकामी आहे, तेव्हा आज घंटेचा व्हॉल्व्ह उघडून साफच करते. घंटा उगीच वाजते म्हणजे आत कचरा असणार.

"सुट्टीच्या दिवशी?" शैलेंद्र टाय बांधत म्हणाला. बँकेला सुट्टी नव्हती, त्यामुळे तो आधीच नाराज होता. "उद्या केलंस तर इमारत पळून जाणार आहे का?"

"उद्या पोरं येतील ना."

"सवारीच्या आत ये बाई," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नंतर ऑटोवाले तोंड वर करून भाव सांगतात."

निहू पलंगावर उशीला टेकून बसली होती. गाल अजून लाल.

"आई, आज वाजवशील?"

ही त्या दोघींची खूण. पाळणाघराच्या पहिल्या दिवसांत निहू रडून रडून निळी व्हायची. मृण्मयीचं त्या इमारतीत काम निघालं की ती तळघरातल्या जाड पाइपावर पान्यानं वाजवायची: टक-टक, मग जरा थांबून, टक. तो पाइप तळघरातून सरळ वर निघून पाळणाघराच्या कोपऱ्यातून छताकडे जातो. म्हणजे आई खाली आहे. निहूनं उत्तरादाखल तसंच वाजवलं म्हणजे मी वर आहे. शर्वरीताईंनी त्यासाठी पाइपाला सुतळीनं एक चमचाच बांधून दिला होता. बाकीच्या पोरांनाही वाजवायचं असायचं, पण त्यांना तो 'थांबून टक' जमत नसे. ती थांबायचीच नाहीत.

"आज सुट्टी आहे ना पिल्लू. तू तर घरी आहेस."

"तरी मी वाजवीन," निहू म्हणाली, आणि जराशा तक्रारीनं पुढे म्हणाली, "परवा तू किती वाजवलंस. मला झोप आली तरी वाजवत होतीस."

परवा म्हणजे शनिवार. शनिवारी मृण्मयीनं पाइपाला पाना लावलाच नव्हता. आली, तोटी फिरवली, वर गेली. पण चार वर्षांच्या पोरीचा 'परवा' म्हणजे मागच्या दिवाळीपासून कधीही असू शकतो, त्यात ताप. तिनं निहूच्या कपाळावर ओठ टेकवले, गॅस बघितला, आणि निघाली.

३

चौकीदार बद्रीलालनं शटर अर्धं वर केलं. बाहेरच्या भिंतीवरच्या लाल घंटेला त्यानं आज झेंडूची ताजी माळ घातली होती. घंटेच्या वर शेंदराचं बोट.

"बद्रीलालजी, कितनी बार बोला, ये भगवान नहीं है."

"हओ मैडम, मालूम है," तो निर्मळपणे म्हणाला. "पर लाल है, घंटी है, और आग से बचाती है. अब इससे ज्यादा भगवान क्या करेंगे?"

वाद घालायला जागा नव्हती. तिनं माळ काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिशात घातली. तळघरात उतरल्यावर तिथल्या व्हॉल्व्हला घालायला, हे तिला ठाऊक होतं. तिथेही तेच. छातीएवढ्या उंचीवर बसवलेलं ओतीव लोखंडाचं ते लाल धूड, खाली अगरबत्तीची राख, एक वाळलेला बत्तासा. अंधाऱ्या कोपऱ्यात बघणाऱ्याला शेंदूर फासलेला एखादा भैरवच वाटावा.

आत मात्र सगळी साधी अक्कल. लोखंडाची एक झडप, वरच्या बाजूला उघडणारी. तिच्यावर इमारतभरच्या पाइपांतलं पाणी गप्प उभं. वर कुठे आग लागली, छतातला फवारा फुटला, की पाणी धावतं, झडप उचलली जाते, थोडं पाणी बारीक नळीनं बाहेर जाऊन घंटेचा हातोडा फिरवतं. वीज लागत नाही. लाइट गेली तरी ती वाजते. मृण्मयीला ही घंटा मनापासून आवडायची, कारण तिला विसरणं माहीत नव्हतं.

तोटी बंद होती.

ती तिथेच उभी राहिली. रविवारी कोणकोण झोपलं असेल वर? कोचिंगवाल्या भटनागरांची जुळी, ती गोरीगोमटी मराठ्यांची पोर, सगळी. फवारे चालले असते, पाणी पडलंच असतं, तिनं स्वतःची समजूत घातली. घंटाच फक्त वाजली नसती. 

"आपने छुआ था इसको?"

"मैं? म्हने तो हाथ बी नी लगायो. बस अगरबत्ती."

तिनं तोटी उघडली. नळीत पाणी शिरल्याची शिरशिरी बोटाला लागली. म्हणजे झडप नीट बसत नव्हती, पाणी झिरपत होतं, कचराच. हे तिला अपेक्षित होतं. आता घंटा कुरकुरत, जमेल तशी वाजणार, हेही.

बाहेर घंटा वाजली. टण-टण.

मग थांबली.

टण.

"देखो, बोली," बद्रीलाल खूश होऊन म्हणाला.

पाणी थोडं असलं की हातोडा अडखळत फिरतो. अडखळण्यालाही कधीकधी ठेका येतो. नळ गळतो तेव्हा नाही येत? मृण्मयीनं तोटी पुन्हा बंद केली आणि पाना काढला.

४

व्हॉल्व्हचं मोठं झाकण उघडण्याआधी पाणी काढून टाकावं लागतं. त्याच्याही आधी, का कोण जाणे, तिचा हात सवयीनं उठला. या तळघरात काम सुरू करायचं म्हणजे आधी पाइपावर वाजवायचं. नारळ फोडण्यासारखं.

टक-टक. टक.

वरून उत्तर आलं. टक-टक. टक.

ती हसली. खाली वाकून तिनं पिशवीतून कापूस काढला, ग्रीसची डबी काढली, टॉर्च पाहिला. चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं. डबीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडायला तिनं ती मांडीवर धरली.

मग हात थांबला.

सोमवार.

डबी तिनं अगदी हळू जमिनीवर ठेवली, आवाज होऊ नये अशी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"ऊपर कोई है?"

"ऊपर?" बद्रीलाल माळ व्हॉल्व्हच्या चाकावर बसवत होता. "आज कौन होगा? चाबी तो म्हारे पास है."

"आपने सुना? अभी, पाइप में?"

"चूहा होगा."

"पाइप में पानी भरा है, बद्रीलालजी."

त्यानं क्षणभर विचार केला. "तो पानी का चूहा होगा," तो म्हणाला.

तिनं चाक फिरवून येणारं पाणी बंद केलं, नाल्याकडची तोटी उघडली. आता वर तर जायचंच होतं. पाणी काढताना पाइपाच्या अगदी टोकाची तोटी उघडून हवा आत घ्यावी लागते, नाहीतर पाणी वरच अडकून राहतं. आणि ती तोटी पाळणाघरातच, कपाटामागे आहे. म्हणजे मी घाबरून वर चाललेली नाही, मृण्मयीनं जिना चढताना स्वतःला सांगितलं, मी कामाला चालले आहे. कठड्यावरचा हात ओला होता, तो ग्रीसचाही असू शकत होता.

५

पाळणाघराला सुट्टीचा वास येत होता. बंद खिडक्या, फिनाइल, दुधाची जुनी आठवण. गाद्या भिंतीशी रचलेल्या. भिंतीवर पोरांनी रंगवलेले हत्ती, त्यातला निहूचा निळा. लाइट लावला तरी दुपार आत आल्यासारखी वाटेना. दूर, रेल्वेच्या पलीकडून, सवारीच्या तयारीचा ढोल ऐकू येत होता. जवळचं काहीच वाजत नव्हतं.

कोपऱ्यात पाइप. चमचा सुतळीला लटकलेला, अगदी स्थिर. दार उघडलं तेव्हा झुळूक आली तरी तो हललेला नव्हता.

तिनं चमचा उचलला. उगीच, तपासायला म्हणून, पाइपावर वाजवला. टणटणीत, पातळ, स्टीलचा आवाज आला.

मघाशी आलेलं उत्तर असं नव्हतं. ते जाडसर होतं. बोटाच्या सांध्यानं दार वाजवल्यासारखं. आणि आता तिला नीट आठवलं की ते वरून आलं असं आपणच धरून चाललो होतो. ते पाइपातून आलं होतं, एवढंच खरं.

ती पाइपाकडे बघत राहिली. बद्रीलाल तिच्या शेजारी, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, हत्तींची चित्रं बघत होता.

खालून आलं. टक-टक.

थांबलं.

टक.

"ये लो," बद्रीलाल म्हणाला. "अपन तो दोनों यहाँ हैं."

तो हसतच म्हणाला होता, पण म्हणून झाल्यावर त्याचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

प्रतिध्वनी, मृण्मयीनं मनात म्हटलं. भरलेल्या पाइपात आवाज खाली जातो, लोखंडावर आपटतो, वर येतो. हे ती कुणालाही फळ्यावर काढून समजावू शकली असती. फक्त एक होतं. प्रतिध्वनी आपल्यामागून लगेच येतो. तो विचार करून, वाट बघून, येत नाही. आणि तिनं तर आत्ता चमचा एकदाच वाजवला होता.

तिनं कपाटामागची तोटी उघडली. हवा आत ओढली जाऊ लागली, लांब, बारीक, न संपणारी, जशी निहू दमा झाल्यासारखं रडून झाल्यावर ओढते तशी.

"आप यहीं रुको," ती म्हणाली. "मैं फोन करूँगी तो इसको बंद करना."

"अकेला?"

"दरवाजा खुला रखो."

६

निघून जाता आलं असतं. पाणी उतरू लागलेलं, झाकण बंद. कंपनीला सांगता आलं असतं, काम मोठं आहे, उद्या दोन माणसं पाठवा. पण उद्या म्हणजे मंगळवार. उद्या सकाळी गाद्या अंथरल्या जातील, त्यातल्या एकीवर निहू झोपेल, आणि डोक्यावरच्या पाइपांत पाणी नसेल. ज्या आगीची भीती वाटते ती लागत नाही, लागते ती दुसरीच, हे ती शिकली होती. ती जिना उतरून तळघरात आली. नाल्यात पाणी धो धो पडत होतं, मग दमलं, मग थेंबांवर आलं.

दाबाच्या गेजचे काटे शून्यावर आले. तिनं बोल्ट काढले आणि झाकण बाजूला घेतलं.

आत टॉर्चचा उजेड ओल्या लोखंडावर सरकला. गंजाचा गोडसर वास. झडप आपल्या जागी आडवी, काळी. आणि तिच्या कडेखाली, अगदी जिथे असायला हवा तिथे, गंजाचा एक पापुद्रा अडकलेला. हरभऱ्याच्या डाळीएवढा.

मृण्मयीला चक्क रडू आलं. एवढंच! एवढ्याशा पापुद्र्यानं झडप बसत नव्हती, पाणी झिरपत होतं, घंटा अडखळत होती. राहिला तो टक-टकचा आवाज, तोही पाणी झिरपल्याचाच. पाण्याचे धक्के. पुस्तकात धडाच आहे त्यावर. ती स्वतःशीच बोलली, "मृण्मयीबाई, तुमचं खरंच रेशन कार्ड काढायला हवं," आणि तिचा आवाज व्हॉल्व्हच्या आत घुमून पुन्हा तिच्याकडे आला, जरा लहान होऊन.

पापुद्रा काढायला झडप उचलावी लागणार होती. झडप जड असते. तिनं हात आत घातला, मनगटापर्यंत, मग आणखी थोडा, आणि तर्जनी कडेखाली सारून जोर लावला.

जोर लागलाच नाही. झडप उचलली गेली. अलगद, जशी कुणी समोरून टोपलीचं झाकण धरावं तशी. तिनं पापुद्रा नखानं सोडवला, तो खाली पडला, आणि ती अजून एवढाच विचार करत होती की बिजागरी बरीच सैल झालीये, लिहून ठेवायला हवं.

तेव्हा काहीतरी तिच्या तर्जनीभोवती मिटलं.

गार. ओलं. मऊ. पूर्ण हाताभोवती नाही. फक्त तर्जनीभोवती, नीट, ओळखीनं, रस्ता ओलांडण्याआधी धरतात तसं. एका बाजूला एक लहानसं नख टोचत होतं.

किती वेळ, ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिनं टॉर्च वर करून पाहिला असता तर दिसलं असतं. टॉर्च तिच्या डाव्या हातात होता. तिनं तो वर केला नाही.

तिनं बोट हिसडून सोडवून घेतलं. झडप धप्पकन बसली.

७

नाल्याची तोटी बंद झाली. झाकण लागलं. बोल्ट लागले. ते कसे लागले ते तिला आठवत नाही, पण नंतर पाहिलं तेव्हा सगळे नीट आवळलेले होते. हात कापत नव्हते. ते तिला जास्त भयंकर वाटलं.

तिनं घरी फोन लावला.

"निहू कुठे आहे?"

"कुठे असणार? झोपलीये." सासूबाईंच्या मागे टीव्हीवर सवारीचं थेट प्रक्षेपण. "काय गं, धापा कसल्या टाकतेयस?"

"जिना चढले. तिच्याजवळ जाऊन बघाल? श्वास नीट आहे ना?"

"आत्ता बघून आले. छान चालू आहे श्वास. तू ये आता, रस्ते बंद होतील."

निहू घरी आहे. पलंगावर आहे. तिचा श्वास छान चालू आहे. मृण्मयीनं हे तिन्ही एकेक करून मोजल्यासारखे मनात ठेवले. मग इथे जे आहे ते निहू नाही. मग ते काहीही असो, त्याच्या वर उद्या माझी पोर झोपणार आहे, आणि या पाइपांत पाणी हवं.

तिनं पाण्याच्या मुख्य चाकावर हात ठेवला. बद्रीलालची माळ तिच्या मनगटाला घासली. चाक थोडं फिरलं, पंप गुरगुरून जागा झाला, आणि पाणी वर चढायला लागलं.

टक-टक. टक.

इथून, झडपेच्या वरून. तिनं चाक आणखी फिरवलं.

टक-टक, टक. आता डोक्याच्या वर. टक-टक, टक. पहिल्या मजल्याच्या जवळ. पाणी चढत होतं आणि आवाज पाण्याच्या पुढे पुढे चढत होता, घाईघाईनं, आणखी घाईनं, मधलं थांबणं लहान लहान होत गेलं आणि मग थांबणं राहिलंच नाही. टकटकटकटक. कोचिंग क्लासच्या मजल्यावर कुठेतरी. तिचे दोन्ही हात चाकावर होते. उलट फिरवता आलं असतं. तिनं डोळे मिटले आणि चाक पूर्ण उघडलं.

वर, फार वर, एकदा वाजलं. मग नाही.

काही वेळानं तिनं घंटेची तोटी उघडली आणि बाहेर घंटा सुरू झाली. स्वच्छ, भरघोस, न अडखळता, जशी वाजायला हवी तशी. तिचाच फोन वाजतोय हे तिला उशिरा कळलं.

"मैडम, पानी आ गया. बंद कर दूँ?" बद्रीलालचा आवाज अगदी खाली गेला होता.

"करो."

घंटा थांबली.

"मैडम," तो म्हणाला. "पेहले हवा आई थी. भोत देर तक. ऐसी, जैसे कोई बच्चा हिचकी ले रिया हो. फिर पानी आया तो चुप हो गई. ऐसा होता है क्या?"

"होता है," मृण्मयी म्हणाली.

तिनं घंटेची तोटी उघडी आहे हे हात लावून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग मोबाइलवर तिचा फोटो काढला, म्हणजे रात्री प्रश्नच नको.

८

ऑटोवाल्यानं तोंड वर करूनच भाव सांगितला, आणि तिनं तेवढे दिले. तर्जनीवर नखाची एक लहान, लालसर कोर उमटली होती. बोल्टची धार लागली असेल. तिनं ते बोट मुठीत धरून ठेवलं.

सासूबाईंनी दार उघडलं तेच हसत.

"उतरला गं बाई ताप! कपाळ बघ, गारेगार. पण घाम म्हणजे किती घाम! फ्रॉक अक्षरशः पिळला मी. केस, उशी, गादीसुद्धा ओली. तुझा फोन येऊन गेला ना, त्यानंतर लगेचच."

मृण्मयीनं चपला काढल्या. एक उलटी पडली, ती तिनं वाकून सरळ ठेवली.

"आणि घाम फुटायच्या आधी काय चाललं होतं माहितीये? झोपेत सारखी पलंगाच्या दांडीवर हात आपटत होती. डोळे मिटलेले आणि हात आपला चालू. मी म्हटलं लागेल पोरीला. शेवटी शेवटी तर फारच. मग थांबली एकदम."

आत पडदे ओढलेले होते. निहू नव्या फ्रॉकमध्ये पलंगाच्या मधोमध बसली होती, ओले केस कपाळाला चिकटलेले. ती आईकडे बघत होती. रडत नव्हती. टीव्हीवरचा ढोल बाहेरच्या खोलीतून येत होता.

"पिल्लू," मृण्मयी म्हणाली. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं तर्जनी पुढे केली, नेहमीसारखी. "ये. काय झालं? स्वप्न पडलं का वाईट?"

निहूनं बोटाकडे पाहिलं. त्यावरच्या त्या लाल कोरीकडे पाहिलं. आपला हात तिनं फ्रॉकखाली ओढून घेतला.

"मी वाजवत होते ना, आई," ती म्हणाली. "मग तू पाणी का सोडलंस?"